ब्रेकच्या करकरीला तेल नको



कापसाची वेचणी सुरू झाली की लोहाऱ्याकडून यवतमाळच्या बाजाराकडे भरलेल्या ट्रॉल्या निघू लागतात. या दिवसांत ट्रॅक्टरचे ब्रेक करकरत असतील, तर तिकडे कानाडोळा करू नका. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचे सारे ओझे ट्रॅक्टरच्या ब्रेकवरच येते.

बंडीचे चाक करकरले की आपण आखाला वंगण घालतो. ती सवय इथे चालणार नाही. चाक सहज फिरावे म्हणून वंगण असते. ब्रेक मात्र घासूनच गाडी थांबवतो. कोरड्या ब्रेकवर तेल सोडले, तर आवाजाबरोबर ब्रेकही जातो.

तेव्हा आधी आवाज ओळखावा. रात्री दव पडले की ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी दोन-चार वेळा ब्रेक दाबताच करकर थांबली, तर काळजी नाही.

आवाज दिवसभर राहिला, तर ड्रममध्ये धूळ-माती साचली असेल किंवा लायनर घासून गुळगुळीत झाला असेल. ड्रम मिस्त्रीकडून उघडून घ्यावा. आतली भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. लायनर तेलकट दिसला, तर गळणारे ऑइल सील आधी बदलावे, मगच नवा लायनर बसवावा.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली, तर लायनर संपून रिबिटा ड्रमला लागत आहेत असे समजावे. गाडी तिथेच थांबवावी. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

नव्या बऱ्याच ट्रॅक्टरांना तेलातले ब्रेक असतात. त्यांत आवाज आला, तर तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे.

घरी मोटारगाडी असेल, तर तिच्या डिस्क ब्रेकच्या पॅडला पुष्कळदा एक छोटी पत्री असते. पॅड झिजला की ती डिस्कला लागून चिरकते. तो पॅड बदलण्याचा इशारा होय.

ट्रॅक्टरचे दोन्ही पेडल सारखे लागले पाहिजेत. मोकळ्या सपाट जागी, सावकाश चालवत, ट्रॉली न जोडता ब्रेक दाबून पाहा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला, तर पेडल जुळवून घ्या. शेतात वळताना एकच पेडल वापरतो. रस्त्यावर येण्यापूर्वी मात्र दोन्हींना जोडणारी कडी आठवणीने लावा. नाहीतर एकच चाक अडते आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे लोटते.

उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, क्लच दाबून ठेवू नका. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. पेडलवर पाय ठेवून चालवण्याची खोड असेल तर सोडा. त्याने ब्रेक तापतात व लवकर झिजतात.

वेचणीला जाणाऱ्या मायबहिणींना याच ट्रॉलीत बसवले जाते. ट्रॉली माणसांसाठी नाही, हे चालवणाऱ्याला घरच्यांनीच बजावावे. आणि ब्रेक करकरत असतील, तर मिस्त्रीने पाहिल्याशिवाय ट्रॉली जोडू देऊ नये.