फिल्टरची जागा आणि मालकाचा हात

मोटारीच्या इंजिनातील तेल बदलणे हे मुळात अवघड काम नव्हे. इंजिन थोडे कोमट करून चेंबरखालचा बोल्ट सोडावा, काळे पडलेले तेल घमेल्यात घ्यावे, जुना फिल्टर काढून नवा बसवावा, बोल्ट आवळून नवे तेल ओतावे आणि पट्टीवर पातळी पाहावी, एवढाच त्याचा विधी. लहान मोटारीला तीन-साडेतीन लिटर तेल पुरते. शाळेतील शिक्षकाने वा कचेरीतील कारकुनाने रविवारी सकाळी अंगणात उरकावे असे हे काम आहे. तरीही ते स्वतः करणारे मालक थोडेच आढळतात. याचा सर्व दोष मालकाच्या आळसाला देणे अन्यायाचे होईल. कित्येक मोटारींत या कामाचा शेवट फिल्टरपाशी अडतो, कारण फिल्टरपर्यंत हातच पोहोचत नाही.

फिल्टर ही तशी साधी वस्तू. अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्घ या दोघा अमेरिकनांनी १९२३ साली मोटारीच्या तेलासाठी गाळणी तयार केली. पुढे संपूर्ण डबाच आट्यांवरून फिरवून काढण्याची व नवा हाताने आवळण्याची सोय झाली. घरच्या घरी तेल बदलणे सोपे झाले ते या सोयीमुळे. परंतु डबा फिरवायचा तर त्याच्याभोवती मनगट वळण्याइतकी तरी मोकळी जागा हवी. फिल्टर इंजिनाच्या मागील अंगास, धुराच्या तापलेल्या नळीजवळ किंवा खालच्या संरक्षक पत्र्याआड असेल, तर मालकाला आधी मोटार उचलावी लागते, मग पत्रा सोडावा लागतो आणि अखेर अंदाजाने हात घालावा लागतो. डबा आडवा बसविलेला असल्यास तो सैल होताच आतील तेल नळीवर, आडव्या पट्टीवर आणि तेथून जमिनीवर ओघळते. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आणि ती न दिसता तिच्यावर नवा फिल्टर चढला, तर इंजिन सुरू होताच दाबाखालचे तेल त्या सांध्यातून बाहेर फेकले जाते. जागा डोळ्यांना दिसत असती तर ही चूक बहुधा घडलीच नसती.

याहून गंभीर धोका मोटारीखाली शिरण्याचा आहे. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय. फिल्टर जितका खोल, तितका मनुष्य अधिक वेळ त्या वजनाखाली राहतो. सुबारू या जपानी कंपनीने २०१० साली आणलेल्या इंजिनांत फिल्टर इंजिनाच्या माथ्यावर, झाकण उघडताच दिसेल असा ठेवला. तळाचा बोल्ट त्यामुळे चुकत नाही हे खरे. परंतु कामाचा अर्धा भाग उभ्याने आणि उजेडात होतो. याचा अर्थ इतकाच की, सोयीची जागा तंत्राला अशक्य नाही.

आराखडा करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. फिल्टर तेलाच्या पंपाजवळ असला तर तेलाचे मार्ग आखूड राहतात व खर्च वाचतो. पुढील चाके ओढणाऱ्या लहान मोटारींत इंजिन आडवे बसवावे लागते. त्यात वातानुकूलन यंत्र, धूर शुद्ध करणारी साधने आणि अपघातात चुरगळण्यासाठी राखलेली जागा यांची भर पडते. अशा दाटीत प्रत्येक भागाला दर्शनी जागा मिळणे शक्य नाही. मात्र आतील बहुतेक भाग मोटारीच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच हाताळावे लागतात, तर फिल्टर दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलावा लागतो. जो भाग नियमाने बदलायचाच आहे, त्याला जागावाटपात शेवटचा क्रमांक देणे हे मालकाला गृहीत धरणे होय.

हा प्रश्न मुंबई-पुण्याहून सिंधुदुर्गात अधिक तीव्र होतो. आचरा, मसुरे किंवा देवबाग येथील मालकाला कंपनीचे अधिकृत दुरुस्तीकेंद्र गाठायचे तर महामार्गावरील कुडाळ, कणकवलीकडे जावे लागते. त्यात एक रजा आणि जाण्यायेण्याचे इंधन खर्ची पडते. हमीची मुदत संपेपर्यंत हे क्रमप्राप्तच आहे. त्यानंतर मात्र गावातला मेकॅनिक किंवा स्वतःचे हात हेच आधार उरतात. आणि गावच्या छोट्या गॅरेजात मोटार वर उचलणारे यंत्र असतेच असे नाही. तेव्हा तोही जमिनीवर पाठ टेकूनच काम करतो.

आणि ती जमीन जांभ्याची आहे. जांभा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी तो झरझर आत घेतो आणि विहिरींना पोहोचवितो. अंगणात सांडलेले तेल पहिल्या जोरदार सरीबरोबर त्याच वाटेने जाऊ शकते. एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे सांगणे आहे. ज्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात आणि ज्याच्या समोर १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आहे, तेथे चार थेंब आणि चार लिटर यांतील फरक क्षुल्लक मानता येणार नाही.

मालवणच्या बंदरातील यांत्रिक नौका या बाबतीत मोटारीहून सरस आहेत. इंजिनाखाली नौकेचा तळ असल्याने तेथे बोल्ट सोडून तेल काढणे बहुधा शक्यच नसते. म्हणून ते पंपाने वरून ओढून काढतात. सागरी इंजिनांचे अनेक उत्पादक फिल्टर, तेलाची पट्टी आणि भरण्याचे तोंड शक्यतो एकाच बाजूस, हाताशी ठेवतात. भर समुद्रात मेकॅनिक मिळत नाही हे त्यांना ठाऊक असते. १९४६ साली खडकीत सुरू झालेल्या किर्लोस्करांच्या कारखान्यातील डिझेल इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर बसली, तीही शेतकऱ्याने स्वतः सांभाळावयाची होती. सांभाळणारा कोण हे आधी ठरले की यंत्राची रचना त्याप्रमाणे बदलते.

कायद्यानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या. २०२५ च्या मे महिन्यात दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाबाबत दुसऱ्या समितीचा अहवाल आला, तो मात्र मोबाइल व विद्युत उपकरणांपुरता. त्या निर्देशांकाचा एक निकष असा की, एखाद्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी किती भाग आधी सोडवावे लागतात. हाच निकष मोटारीच्या फिल्टरला लावावा. फिल्टरपर्यंत जाण्यास काय काय काढावे लागते, कोणता पाना लागतो आणि मोटार उचलावी लागते काय, एवढे तीन तपशील विक्रीपूर्वी छापून देण्याची सक्ती झाली, तर गिऱ्हाईक मायलेजबरोबर हेही विचारू लागेल. कंपनीला फिल्टर कोठे ठेवावा हे सरकारने सांगण्याची गरज नाही. लपविलेली गैरसोय उघड झाली तरी पुरे.

तथापि फिल्टर हाताशी आला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. काढलेल्या काळ्या तेलाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. ते वाळवीसाठी खांबांना फासणे किंवा गटारात ओतणे ही सर्रास चाल आहे. वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात होते, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावे याची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर टाकली आहे. ही व्यवस्था तालुक्याच्या गावापर्यंत यावयास हवी. नगरपालिकेच्या आवारात, मच्छीमारांच्या बंदरावर आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एकेक झाकणाचे पिंप ठेवून अधिकृत संकलकाला ते नियमाने नेण्यास भाग पाडले, तर मोटारीचे आणि नौकेचे तेल एकाच ठिकाणी जमा होईल. तेल बदलण्याची सोय देणे कंपनीचे काम आहे, ते स्वीकारण्याची सोय करणे शासनाचे; आणि या दोन्ही सोयी झाल्या की घमेल्यातील तेल पिंपापर्यंत नेण्यात कसूर करण्यास मालकाला सबब उरणार नाही.