वरच्या मजल्यावर कोण राहणार?

मागच्या महिन्यात ओझरहून मामूंचा फोन आला. "तू इंजिनियर है ना? फिर बोल, स्लॅब पे तीन खोल्या निकलती क्या?" मी सॉफ्टवेअरचा इंजिनियर आहे, सिमेंटचा नाही, ही गोष्ट आमच्या घरात गेल्या पंधरा वर्षांत कुणी मान्य केलेली नाही. तरी शनिवारी गेलो.

ओझर म्हणजे अष्टविनायकांतल्या विघ्नहराचं गाव. कुकडीच्या काठी, नारायणगावपासून जवळ. अंगारकीला गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मामूंच्या अंगणात भाविकांच्या गाड्या लागतात आणि मामी त्यांना प्यायला पाणी देते. मुसलमानाचं घर आहे म्हणून कुणी गाडी मागे घेतल्याचं मला आठवत नाही. मामूंनी आयुष्यभर टेम्पो चालवला, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवले. आता गुडघे गेलेत. पेन्शन नाही. घर आहे, घरावर मोकळा स्लॅब आहे. म्हातारपणी भाडं येत राहील, एवढंच त्यांचं गणित.

हे गणित एकट्या मामूंचं नाही. जुन्नर, मंचर, घोडेगाव, राजगुरुनगर, कुठेही आपल्या मोहल्ल्यात जा. चार पैसे साठले की लोक फंडात टाकत नाहीत, वर एक खोली काढतात. यात अडाणीपणा नाही. व्याज नको, शेअरबाजार कळत नाही, दुकान चालेल याची खात्री नाही. राहता राहिली खोली. तिला भाडेकरू मिळतोच. शाळेत बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, बाजारातले हमाल-ड्रायव्हर, देवळाबाहेरच्या दुकानांतली आणि हॉटेलांतली पोरं, सगळ्यांना दोन-चार हजारांत छप्पर हवं असतं. ते छप्पर सरकार बांधत नाही, बिल्डरही बांधत नाही. मामूंसारखी माणसं बांधतात. म्हणून या खोल्यांबद्दल आपण जरा गांभीर्याने बोलावं असं मला वाटतं.

पहिला मुद्दा अर्थात घर पेलेल का, हा. मामूंचं घर १९९४ सालचं. कॉलम नाहीत, नऊ इंची भिंतींवर स्लॅब टेकलेला. नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मागच्या भिंतीला तिरकी भेग आहेच. मी नारायणगावहून एका स्ट्रक्चरल इंजिनियरला घेऊन गेलो. त्यांनी पायाशेजारी खड्डा घ्यायला लावला आणि मामूंना एकच प्रश्न विचारला, "पाण्याची टाकी किती लिटरची?" मामू म्हणाले, दोन हजार. "म्हणजे दोन टन. कुठे ठेवणार?" मामूंनी स्लॅबकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. निष्कर्ष असा निघाला की तीन खोल्या आणि तीन बाथरूम जमणार नाहीत. मागच्या बाजूला स्वतंत्र कॉलम उभे करून दोन जमतील.

मोहल्ल्यात असा सल्ला घ्यायची पद्धत नाही. गवंडी सांगेल ते खरं. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याची इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. ती बेकायदा तर होतीच, पण वरचे मजले चढत असताना खाली कुटुंबं राहायला आलेली होती. त्या भागात कोण राहतं, स्वस्त खोली कुणाला घ्यावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या वस्त्यांतला माणूस घर पडून मरतो तेव्हा आपण बिल्डरला आणि महापालिकेला शिव्या देतो, आणि द्याव्यातच. पण वरची खोली काढणारा आपलाच असतो तेव्हा गप्प बसतो.

कागदांचं म्हणाल तर आमच्या कौटुंबिक ग्रुपवर एक जुनी बातमी फिरत होती. २०२१ मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं होतं की ग्रामीण भागात सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही. सगळ्यांनी "गरज नाही" एवढंच वाचलं. नगररचनाकाराची गरज नाही. नकाशाची, परवानाधारक अभियंत्याच्या दाखल्याची, शुल्काची आणि ग्रामपंचायतीची आहेच. "कागज बाद में करेंगे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. तो 'बाद' कधी उजाडत नाही आणि एक दिवस नोटीस येते. मग ती नोटीस आपल्या नावामुळे आली की खोलीमुळे, यावर मोहल्ल्यात वर्षभर चर्चा चालते. कागद पक्के असतील तर ही चर्चा करायला निदान तोंड राहतं.

आता पैसे. दोन खोल्यांचा हिशेब नंतर केला, आधी मामूंच्या डोक्यातल्या तीन खोल्यांचा मांडला, कारण त्यांना तोच हवा होता. पाचशे चौरस फूट, अठराशेचा दर, म्हणजे नऊ लाख. भाडं प्रत्येकी ३,५००, म्हणजे महिन्याला १०,५००. वर्षाला एक लाख सव्वीस हजार. एखादा महिना खोली रिकामी, थोडी दुरुस्ती, पट्टी, असं वजा जाता एक लाख पाच हजारांच्या आसपास. नऊ लाखांवर साधारण साडेअकरा टक्के. वाईट नाही. पण हेच नऊ लाख बँकेकडून ९ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे ११,४०० येतो. खोल्या एक दिवसही रिकाम्या राहिल्या नाहीत तरी भाडं हप्त्याला पुरत नाही. व्याज हराम आहे हा युक्तिवाद मी मामूंसमोर करायची वेळच आली नाही, आकड्यांनीच तो केला.

मग मामूंच्या थोरल्या मुलाने, माझ्या मामेभावाने, मुंबई-भिवंडीत चालतो तो उपाय काढला: हेवी डिपॉझिट. भाडेकरूकडून तीन-चार लाख एकरकमी घ्यायचे, भाडं घ्यायचं नाही किंवा नावाला शंभर रुपये घ्यायचं, आणि तो निघेल तेव्हा रक्कम परत करायची. बांधकामाला पैसे मिळतात, बँक नको, व्याज नको. मोहल्ल्यात हे इतकं रुळलंय की ते हलालच आहे असं सगळे धरून चालतात.

इथे मला थांबावंसं वाटतं. ते तीन लाख म्हणजे काय? परत करायचे आहेत, म्हणजे कर्ज. कर्ज देणाऱ्याला त्या कर्जापोटी फुकट घर मिळतंय, म्हणजे कर्जावर फायदा. कर्जातून ओढलेला फायदा हे व्याजच, हे फिकहचं तत्त्व मदरशातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. म्हणूनच बहुतेक उलेमा या व्यवहाराला नाजायज म्हणतात. बँकेचं व्याज घेणाऱ्याकडे आपण तिरक्या नजरेने बघतो आणि हेवी डिपॉझिटच्या खोलीत बिनदिक्कत इफ्तारी करतो. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण धर्म बाजूला ठेवला तरी हा व्यवहार वाईट आहे. मालक ते पैसे सिमेंटमध्ये घालतो. भाडेकरू निघतो तेव्हा परत द्यायला पैसे नसतात, मग नवा भाडेकरू शोधून त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचं भागवायचं. नवा मिळाला नाही तर? जुना तिथेच बसतो, किंवा बाहेर पडतो आणि स्वतःच्याच पैशांसाठी वर्षभर खेटे घालतो. यात बुडतो तो बहुधा गरीब, ज्याने बायकोचे दागिने विकून ते तीन लाख उभे केले होते.

मामूंचा मार्ग शेवटी कंटाळवाणा निघाला. हाताशी असलेले पैसे, घरातल्या भिशीचा उचललेला नंबर, आणि आधी एकच खोली. तिचं भाडं साठवून दुसरी. ज्यांना घाई आहे त्यांना हे पटणार नाही. मामूंना घाई होती. पण टाकीच्या दोन टनांनी ते जरा नरम झाले होते.

करारनाम्यावर फार वेळ घालवत नाही. लेखी आणि नोंदणीकृत करार हवा, आणि नोंदणी करून घेणं मालकाचं काम, हे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. तो मुख्यतः शहरांसाठी केलेला आहे, पण गावातही हीच सवय बरी. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. अकरा महिने ३,५०० भाडं आणि दहा हजार डिपॉझिट धरलं तर ते शंभर रुपयांच्या आत-बाहेर येतं. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. शिवाय एजंटाचे किरकोळ पैसे. विजेसाठी स्वतंत्र मीटर घ्या. सबमीटर लावून युनिटमागे मनाला येईल तो दर लावणारे मालक मी पुण्यात भाडेकरू म्हणून भोगलेत.

आणि आता ज्या प्रश्नासाठी हे लिहायला बसलो तो.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, चावी कधी. शेवटी समोरून विचारलं जायचं, "नाव काय म्हणालात?" मग एक शांतता. मग "कळवतो हं." असे अकरा फोन मी मोजले, नंतर मोजणं सोडलं. तुमच्यातल्या बहुतेकांकडे असा आकडा असेल. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात याची नोंद आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत, फक्त स्वतःच्या समाजाला सभासद करून घेण्याचा नियम वैध ठरवला होता. खासगी मालकाने धर्म बघून खोली नाकारली तर त्याला थेट जाब विचारेल असा कायदा आपल्याकडे आजही नाही. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी उघडतं, खासगी घराचं दार नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मामूंच्या ओट्यावर बसलो होतो आणि खोली बांधायच्या आधीच विचारणा सुरू झाल्या होत्या. पहिली एका शिक्षिकेची. नवऱ्यापासून वेगळी राहते, सोबत सात वर्षांची मुलगी. मामी आत येऊन हळूच म्हणाली, "जात कौनसी है, पूछ लिया क्या?" दुसरा बिहारचा मुलगा, हॉटेलात काम करतो, आपलाच, नमाजी. मामू म्हणाले, "अकेला छोकरा नको. और वो जमात भी दूसरी है." म्हणजे मुसलमान असून पुरेसा मुसलमान नाही. तिसरा देवळाबाहेर पेढे-नारळ विकणारा, माळकरी. त्याने लाजत विचारलं, "मामी, वर वास येईल का?" मामी हसून म्हणाली, "शुक्रवारी येईल." तोही हसला. तिघांत नकार न मिळालेला तो एकटाच.

मी मामूंना माझे अकरा फोन सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वो लोग डरते हैं. हम भी डरते हैं." मला यावर उत्तर सुचलं नाही. पण भीती आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीतीसाठी उपाय असतात: ओळखपत्र, पोलीस ठाण्यात दिलेली माहिती, नोंदणीकृत करार, एका महिन्याची नोटीस. एकट्या बाईच्या चारित्र्याची चौकशी हा भीतीवरचा उपाय नाही. जमात विचारणं तर नाहीच. आपल्या चळवळीच्या सभांमध्ये घरं नाकारली जाण्यावर मी टाळ्या घेणारी भाषणं ऐकली आहेत, एकदा स्वतः केलंही आहे. श्रोत्यांत घरमालक किती होते आणि त्यांच्या खोल्यांत कोण राहतं, हे मी कधी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी काढली नाही, मामूंच्या मुलीने काढली. आमची आपा. जुन्नरला दिली आहे. जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता तिने विचारलं, खोल्या कुणाच्या नावावर? थोरला म्हणाला, भिशीचे पैसे माझे, म्हणजे माझ्याच. मामू हयात आहेत तोवर घर त्यांचं, कुणाचाच वाटा नाही, हे खरं. पण उद्या त्यांच्या माघारी शरियतने हिशेब झाला तर मामीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात दोन भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक. मी मोबाइलवर मांडून दाखवलं. मामूंच्या तीन खोल्यांच्या १०,५०० भाड्यातून मामीचे १,३१२, भावांचे ३,६७५ प्रत्येकी, आपाचे १,८३७. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि त्याला बहिणीची माया म्हणायचं, ही पद्धत आपल्या मोहल्ल्यात शरियतपेक्षा जास्त पाळली जाते. थोरल्याचे पैसे गेलेत हेही खोटं नाही. ते कर्ज म्हणून आजच लिहून ठेवावेत, भाड्यातून त्याला परत मिळावेत, असं मी सुचवलं. तो म्हणाला, घरात कसले कागद.

आपा म्हणाली, "भाई, बैंक में बी लिखवाते, घर में बी लिखवाओ."

मामूंनी त्या रात्री काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ते नमुना आठचा उतारा शोधत होते. शिक्षिकेचा नंबर त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता, त्या बिहारच्या मुलाचाही.