कुलूप खरे, पण घर कोणाचे?

बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या एका चिमुकल्या कुलपावर आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने जेवढा विश्वास टाकला, तेवढा त्याने आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसावरही कधी टाकला नसेल. ‘कुलूप पाहा आणि निर्धास्त व्हा’ हा उपदेश त्याला वर्षानुवर्षे करण्यात आला. पुढे भामट्यांच्या बहुतेक संकेतस्थळांवरही तेच कुलूप लटकू लागले, तेव्हा गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधील ते चिन्ह बदलून टाकले. चिन्ह गेले, समजूत मात्र अद्याप कायम आहे.

हे कुलूप ज्या प्रमाणपत्राच्या बळावर दिसे, ते मिळते कसे? संकेतस्थळाचा मालक प्रथम आपल्या यंत्रावर किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक किल्ली खाजगी. ती कोणाच्याही हाती पडता कामा नये. दुसरी जगजाहीर. ही जगजाहीर किल्ली आणि संकेतस्थळाचे नाव एका अर्जात घालून, त्यावर खाजगी किल्लीने सही करून, तो अर्ज प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे धाडावयाचा. संस्था म्हणते, ‘हा अमुक मजकूर तुझ्या संकेतस्थळावर अमुक ठिकाणी ठेवून दाखव.’ मजकूर तेथे दिसला, की ते नाव अर्जदाराच्याच ताब्यात आहे असे ठरते आणि संस्था आपली सही ठोकून प्रमाणपत्र देते. हा सारा व्यवहार माणसाचा हात न लागता काही मिनिटांत उरकतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तर डिसेंबर २०१५ पासून सर्वांना ही प्रमाणपत्रे फुकट देत आहे, आणि त्याबद्दल आम्ही तिला धन्यवादच देऊ. कारण वाटेत कोणी आपला मजकूर चोरून वाचू नये, हा श्रीमंतांचाच हक्क नव्हे.

परंतु या तपासणीत अर्जदाराच्या सचोटीचा प्रश्न कोठे आला? दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सदनिकेचा दस्त नोंदला गेला, म्हणून बिल्डर प्रामाणिक आणि भिंती भक्कम, असे कोणी शहाणा मानीत नाही. बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून भामट्याने नवे नाव घेतले, तर त्या नावाचा तो कायदेशीर धनीच असतो आणि त्याचे प्रमाणपत्रही अस्सल असते! म्हणूनच रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पूर्वी ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जाण्याचा जो आदेश दिला, तो आम्हांस योग्य वाटतो. ती शेवटची अक्षरे बँकेखेरीज इतरांस मिळत नाहीत. ग्राहकाने वाचावयाची ती हीच.

आता याहून गंभीर गोष्ट. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या संस्थांवर विश्वास कोणी ठेवावयाचा, हे तुम्हीआम्ही ठरवीत नाही. अशा विश्वसनीय संस्थांची यादी ब्राउझर किंवा संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी आधीच आत भरून ठेवलेली असते. शिवाय या यादीतील बहुतेक संस्थांना जगातील कोणत्याही नावाचे प्रमाणपत्र देता येते. त्यामुळे एकीच्या दाराला फट पडली की सर्वांच्या घरात चोर शिरतो. हॉलंडमधील डिजिनोटार या संस्थेत २०११ साली घुसखोर शिरले. त्यांनी गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र काढले आणि ते इराणमधील लोकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे निघाले.

हॉलंडला हसण्याचे मात्र आपणांस कारण नाही. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने दिलेली गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे उघडकीस आली. ती उघडकीस आणली गूगलने. आमच्या सरकारने नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नेमलेल्या प्रमाणन नियंत्रकांनी केंद्राचे अधिकारपत्र तत्परतेने रद्द केले, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु चौकशीअंती त्यांनी चारच प्रमाणपत्रे चुकीची गेल्याचे कळविले, तेव्हा गूगलने या चारांपलीकडची प्रमाणपत्रे आपणांस ठाऊक असल्याचे जाहीर केले. चारांपलीकडची किती, आणि ती कोणी व कशासाठी काढली? क्रोमने मग भारताच्या नियंत्रकांचा शिक्का जीओव्ही डॉट इनसारख्या मोजक्या भारतीय पत्त्यांपुरताच मानण्याचे ठरविले. स्वतंत्र राष्ट्राच्या मोहोरेची ही अवस्था आम्हांस झोंबते.

तरीही या झोंबण्यावर हुकूम हा इलाज नव्हे. २०२३ साली केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा पुकारली, तेव्हा त्यात प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र अंतर्भूत असले पाहिजे, अशी अट घातली. स्वदेशीला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु क्रोमने एप्रिल २०१८ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वह्यांत करणे भाग पाडले आहे. त्या वह्या कोणीही उघडून पाहू शकतो आणि आपल्या नावावर परक्याने काही काढले आहे काय, हे तपासू शकतो. सरकारी शिक्क्यालाही हाच नियम, हीच बाहेरच्या हिशेबनिसांकडून होणारी तपासणी लागू झाली पाहिजे. सरकारी मोहोर तेवढी पवित्र आणि म्हणून तपासणीपलीकडची, ही भाषा लोकशाहीत चालणार नाही. नागरिकांच्या ब्राउझरमध्ये ते प्रमाणपत्र बसविण्यापूर्वी नियंत्रकांनी हे नियम स्वीकारल्याचे जाहीर करावे, आणि ज्याला तो शिक्का नको असेल त्याला तो आपल्या यंत्रातून काढून टाकण्याची मोकळीक ठेवावी, एवढीच आमची मागणी आहे.