शाई वाळली, पुढे काय?

मत दिलं, बोटाला शाई लागली, की आपलं काम संपलं असं बऱ्याच जणींना वाटतं. पण मैत्रिणींनो, मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे! अनेक नगरपालिकांचीही तीच गत. म्हणून मुलुंडचे पाणी, कचरा, खड्डे हे प्रश्न थोडेच थांबले? तेव्हा उरलं ‘टी’ वॉर्डाचं ऑफिस. बचतगटात मी हेच सांगते: तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तिचं काय झालं हे विचारायला १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. वाण्याच्या बिलाची बेरीज आपण तपासतोच ना? मग घरपट्टीचा हिशेब विचारायला संकोच कसला?