ओपीडीची रांग आणि सिस्टरचे दोन हात

गेल्या महिन्यात अम्मीच्या बीपीच्या गोळ्यांसाठी आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. सकाळी नऊला रांगेत उभे राहिलो, बाहेर पडलो तेव्हा जोहरची अजान होऊन गेली होती. रात्रपाळी करून आलेला एक कामगार सिस्टरवर ओरडला. मनातून मीही त्याच्याच बाजूने होतो. मग तासभर मी फक्त त्या सिस्टरकडे पाहत राहिलो.

ती बीपी मोजत होती, इंजेक्शन देत होती, रजिस्टर लिहीत होती आणि मध्येच ‘केसपेपर कुठे?’, ‘एक्स-रे कुठे?’ यांची उत्तरेही देत होती. हिशेब करून पाहा. समजा, चार तासांत एका टेबलावर 200 रुग्ण आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 72 सेकंद येतात. बीपी मोजण्याआधी तर रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवायचे असते. घाईत आकडा चुकला की गोळीही चुकते.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे. पण दार मोठे केले, तर आतले हातही वाढायला हवेत. मे 2022 मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा आपल्याला फक्त रुग्णांची गैरसोय दिसली. चाकण, महाळुंगे, कुरुळीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्या भावांना हे दुखणे खरे तर सगळ्यात आधी कळायला हवे होते.

मग करायचे काय? रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, ही पहिली मागणी. ती रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या. दुसरी, दर महिन्याला त्याच गोळ्या नेणाऱ्या बीपी-शुगरच्या रुग्णांसाठी वेगळी रांग आणि वेळ लिहिलेले टोकन. सगळे नऊलाच आले तर रांग तुंबणारच. तिसरी, नोंदणीसाठी ‘स्कॅन अँड शेअर’. 2022 पासून आभा खात्यावरून क्यूआर स्कॅन करून नोंदणीचे टोकन मिळवता येते. ज्या रुग्णालयात ही सोय आहे, तिथे ती वापरायला मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना शिकवणे हे आपले काम.

परवानगी घेऊन आपल्यापैकी दोघे-तिघे दाराशी मदत कक्षात बसू शकतात: रस्ता दाखवायला, फॉर्म भरून द्यायला, हिंदी-उर्दू बोलणाऱ्या कामगाराचे म्हणणे मराठीत सांगायला. औषधे आणि रुग्णांच्या नोंदींना मात्र हात लावायचा नाही. आणि आपली खिदमत हे पदे न भरण्याचे निमित्त होऊ द्यायचे नाही.

मदिनेत मस्जिदीतल्या तंबूत जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पुढच्या वेळी रांगेत राग आला, की टेबलामागच्या सिस्टरला आधी सलाम करू. मग तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा जाब, जिथे विचारायचा तिथे, मिळून विचारू.