मशेरी हे हिरड्यांचं औषध नाही

"हिरडीतून रक्त येतंय? चिमूटभर मशेरी लाव, थांबेल." हा सल्ला आपल्याकडे आईने लेकीला दिला, सासूने सुनेला दिला, आणि तो साफ चुकीचा आहे. तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजलेली तंबाखू कुटायची, बोटाने हिरडीला चोळायची, थोडा वेळ तोंडात धरायची, आणि याला दात घासणं म्हणायचं!

सल्ला टिकला, कारण रक्त खरोखर कमी दिसू लागतं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. सुजलेली हिरडी रक्त दाखवून सांगत असते की इथे बिघडलंय. तंबाखू तिचं तोंड दाबते. आत दाह चालूच राहतो, दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं आणि बाईला वाटतं, गुण आला. पुढे चाळिशीतच दात हलायला लागले की घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा इथे काय संबंध? तो रोग होता, आणि वेळेवर थांबवता आला असता.

रक्त येतं ते हिरडीच्या कडेला साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे. 1965 साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झालं आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. इतका स्पष्ट पुरावा असताना "रक्त येतं तिथे ब्रश लावू नकोस" असं सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. रक्त येतं तिथेच ब्रश लागला पाहिजे. मऊ, तिरका धरलेला, हिरडीच्या कडेवरून हलक्या हाताने फिरणारा, दोन मिनिटं, आणि रात्री झोपण्यापूर्वी तर नक्कीच. दातांच्या फटींतून धागा किंवा बारीक ब्रश फिरवावा. थर कडक होऊन कीटण झालं की ते दवाखान्यातच निघतं. ते काढल्याने दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाने ते फक्त झाकलेलं असतं.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर डॉक्टर गाठा. रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात. गरोदरपणातही त्या सुजतात, पण म्हणून त्या काळात मशेरी चोळणं हा तर दुहेरी घात आहे: तंबाखूमुळे बाळाचं वजन घटतं.

सरकारने 1992 मध्येच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण पुडीवर "मंजन" न लिहिता "तंबाखू" लिहिलं की विकायला वाट मोकळी, आणि घरच्या तव्यावर भाजणारीला कुठला कायदा अडवणार? 2012 च्या गुटखाबंदीवर तावातावाने बोलणारे पुरुष मशेरीचा विषय निघाला की "बायकांची सवय" म्हणून हात झटकतात. स्वतःचा दात दुखला की हेच पुरुष दंतवैद्याकडे धावतात. बायकोच्या हिरडीला मात्र मशेरी पुरते.

मशेरी सोडणाऱ्या बाईला एक गोष्ट आधीच सांगायला हवी, आणि ती नेमकी कुणी सांगत नाही: तंबाखू सुटली की सुरुवातीला रक्त जास्त दिसू शकतं. दबलेला रक्तपुरवठा परत येतो, म्हणून. हे ठाऊक नसलं की ती घाबरते आणि पुन्हा डबी उघडते. म्हणून आशा ताईने गरोदर बाईचं नाव नोंदवताना मशेरीबद्दल विचारावं, ती सोडल्यावर दिसणाऱ्या रक्ताची आधीच कल्पना द्यावी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने तिचं तोंड उघडून हिरड्या पाहाव्यात.