कुत्रा ठेवू की कुंडी?

मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० अंशांपुढे गेला की गॅलरीतल्या कुंड्या दिवाणखान्यात येतात. नेपियर टाऊनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनेही गेल्या उन्हाळ्यात तेच केले. तिसऱ्याच दिवशी त्यांचा पॉमेरेनियन मोती लाळ गाळत, पंजाने तोंड खाजवत कोपऱ्यात बसलेला दिसला. शेजारीच लाल तुऱ्याचे ब्रोमेलियाड होते. सासूबाईंनी लगेच निकाल दिला, "एक तर हे परदेशी झाड जाईल, नाही तर कुत्रा!"

मुलांची रडारड सुरू झाली. ताईने मात्र कुंड्या नीट पाहिल्या. ब्रोमेलियाडचे एकही पान फाटले नव्हते. चावा होता तो मागच्या डायफेनबेकियाच्या ठिपकेदार पानावर! तिने मोतीचे तोंड पाण्याने धुतले, ते पान पिशवीत घातले आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे धाव घेतली. संध्याकाळपर्यंत मोती सावरला.

ब्रोमेलियाड कुत्र्यांना विषारी नाही. हे कूळ मूळचे अमेरिका खंडातले आणि आपल्या ओळखीचे अननस याच कुळातले. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते भारतात आणले. मात्र कुत्र्याने पाने भरपूर खाल्ली तर उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. काही जातींच्या पानांच्या कडा काटेरी असतात, त्यांनी तोंडाला इजा होते.

खरी काळजी घ्यायची ती पानांच्या मधल्या पेल्यात साठणाऱ्या पाण्याची. त्यात खत किंवा कीटकनाशक घातले असेल आणि कुत्र्याने ते पाणी चाटले, तर त्रास होणारच. शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. म्हणून दर आठवड्याला पेला रिकामा करून ताजे पाणी घाला.

मग जपायचे कोणापासून? डायफेनबेकिया आणि मनीप्लांटमध्ये सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जीभ आणि घशात टोचून आग व सूज आणतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर घातक परिणाम करतो. दिसायला देखणा सायकस तर यकृतच निकामी करू शकतो, आणि त्याच्या बिया सर्वांत घातक. ही झाडे कुत्र्याच्या वाटेत ठेवूच नका.

कुत्र्याने काही चावलेच, तर घाबरून मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. तोंडातले तुकडे काढा आणि झाडाचे पान सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा. झाड कोणते ते कळले की उपचाराची दिशा ठरते. जबलपूरकरांचे भाग्य असे, की त्यांच्या शहरात १९४८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते आज नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयाचा भाग आहे. आपल्या गावातल्या पशुवैद्याचा फोन नंबर तुम्हीही भिंतीवर लिहून ठेवा.

ताईकडे आता डायफेनबेकिया उंच फळीवर गेला आहे. आणि ब्रोमेलियाड? अननसाचा शिरा आवडीने खाणाऱ्या सासूबाईंना त्याचे नाते कळल्यापासून दर शुक्रवारी त्याचा पेला त्याच रिकामा करतात. मोती शेजारी बसून बघत असतो.